व्यंकोबराव आणि सत्तावीस नंबरचं क्रॉसिंग

सेफ्टीच्या ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाकडे इतके किस्से कसे साठतात, असं मला परवा एकानं विचारलं. त्यात विशेष काही नाही. रेल्वेत अपघात झाला की त्याची फाइल होते, आणि होता होता राहिला की त्याचा किस्सा होतो. आमचं काम अपघात होऊ न देण्याचं, त्यामुळे फायली एका कपाटात मावायच्या आणि किस्से डोक्यात मावत नव्हते. निवृत्त होताना ऑफिसनं कपाटाची किल्ली सही घेऊन परत घेतली. डोकं परत मागितलं नाही, म्हणून सांगतोय.

मी मूळचा सांगलीचा. ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि पन्नासच्या दशकात थेट मद्रासला रेल्वेत ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो. ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली, चार टेबलं आणि तीन माणसं. एक मी. दुसरे हेडक्लार्क नटेशन, टाइपरायटर सोडून कशावरही विश्वास नसलेला माणूस. तिसरे आमचे सेफ्टी इन्स्पेक्टर व्यंकोबराव. चौथं टेबल छत्र्यांसाठी होतं.

व्यंकोबराव तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं घराणं. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कपाळावर अंगाऱ्याची रेघ. त्यांचं मराठी ऐकून पहिले आठ दिवस मला वाटायचं, हे मला कुठलीतरी जुनी सनद वाचून दाखवताहेत. "तुम्हांस भोजन झालें काय?" असं विचारायचे आणि मी हो म्हटलं की म्हणायचे, "सरि." सरि म्हणजे तमिळमध्ये ठीक. मला ते 'पुणेकर' म्हणायचे. मी सांगलीचा आहे हे त्यांना मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "असों द्या. तेंही तिकडेच कोठें तरी." त्यानंतर मी नाद सोडला.

* * *

मी हजर झालो त्या दिवसाची गोष्ट. ऑफिस स्टेशनाला लागूनच, पण रुळांच्या पलीकडे. गाडीतून उतरलो, समोर ऑफिसची पाटी दिसली. पादचारी पूल पार प्लॅटफॉर्मच्या टोकाला. दहा-बारा माणसं बिनदिक्कत रूळ ओलांडत होती, त्यांच्यामागून मीही गेलो. वर चढलो तर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे. बाकीच्यांना त्यांनी पुष्कळ सुनावलं, मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, कुणाकडे काम आहे? मी म्हटलं, सेफ्टी ऑफिसात आजपासून कामाला लागतोय.

त्यांनी माझं पत्र वाचलं. आडनाव वाचून मराठीवर आले. "रूळ ओलांडून आलांत."

"हो साहेब. चुकलं."

"परत जा."

मी मुकाट्यानं वळलो आणि रुळांकडे उतरायला लागलो. "तिकडून नव्हे," मागून आवाज आला. "दुसरा गुन्हा कां करितां?"

मग मी पुलावरून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेलो, जिथे उतरलो होतो त्या जागी दोन मिनिटं उभा राहिलो, आणि पुन्हा पुलावरून परत आलो. ट्रंक हातातच होती. व्यंकोबराव तिथेच उभे होते. मला आत नेलं, मस्टर पुढे ठेवलं आणि माझ्या पहिल्याच सहीपुढे स्वतःच्या हातानं लिहिलं, 'लेट.'

दुपारी नटेशननी मला कॉफी पाजली आणि धीर दिला. "तुमचं बरंच सोपं गेलं. मला परत पाठवलं तेव्हा पाऊस होता आणि हातात जेवणाचा डबा होता."

* * *

हे असे का आहेत, तेही नटेशननीच सांगितलं. मी येण्यापूर्वीची गोष्ट. मद्रासपासून दोन-तीन तासांवर आमच्या लाइनीला एक कच्चा रस्ता आडवा जायचा. ऑफिसात त्याचं नाव गेट नंबर सत्तावीस, पण गेट म्हणून तिथे काही नव्हतं. ना फाटक, ना फाटकवाला. एक बोर्ड तेवढा. रुळांच्या एका बाजूला खेडं, दुसऱ्या बाजूला बाजाराचा रस्ता.

एका सकाळी त्या खेड्यातला पोन्नुसामी नावाचा गाडीवान वांगी भरून बाजाराला निघाला आणि पॅसेंजर गाडीच्या इंजिनखाली आला. तो गेला, एक बैल गेला. गाडीतली माणसं बाकांवरून खाली पडली, कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा हात मोडला. इंजिन रुळावर राहिलं हे नशीब, नाहीतर शेकड्यांनी गेली असती.

चौकशी झाली. रिपोर्ट व्यंकोबरावांनी लिहिला. छापील फॉर्म होता. बोर्ड होता काय? होता. स्वच्छ दिसत होता काय? होता. ड्रायव्हरनं शिट्टी दिली काय? दिली. बैलगाडी थांबली काय? नाही. चूक कोणाची? गाडीवानाची. खाली सही.

पोन्नुसामीची बायको वळ्ळियम्मा दिवसभर स्टेशनच्या व्हरांड्यात बसून होती. नियमाप्रमाणे व्यंकोबरावांनी तिला रिपोर्ट तमिळमध्ये समजावून सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "बोर्डावर काय लिहिलंय?"

"थांबा, दोन्हीकडे पाहा, मग जा."

"कुठल्या भाषेत?"

बोर्ड इंग्रजीत होता. तिनं जबानीवर अंगठा दिला आणि उठून गेली.

मला व्यंकोबराव स्वतः या गोष्टीबद्दल एकदाच बोलले. "त्या कागदावर एक अक्षर खोटें नाहीं, पुणेकर. तेंच मजला खातें." त्या चौकशीनंतर दर तीन महिन्यांनी ते वर पत्र पाठवायचे, की गेट नंबर सत्तावीसला फाटक आणि माणूस द्यावा. दर तीन महिन्यांनी उत्तर यायचं, की तिथून पुरेशी वाहनं जात नाहीत. नटेशनना ते पत्र पाठ झालं होतं, सांगावं लागत नसे. तो महिना उजाडला की कागद मशीनला लावायचे. व्यंकोबरावांच्या नोकरीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. "मी घरी बसण्यापूर्वीं तेथें फाटक पडलें पाहिजे," हे त्यांचं एकच म्हणणं. मुलीच्या लग्नाबद्दलसुद्धा त्यांना एवढ्या काळजीनं बोलताना मी ऐकलं नाही.

* * *

फाटक मिळत नाही तर निदान बोर्ड तरी सुधारू, म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. "एकही अक्षर नको. चित्र काढा. पाहतां क्षणीं कळलें पाहिजे."

मी पत्र्यावर ऑइलपेंटनं चित्र काढलं. एका बाजूनं धूर ओकत इंजिन येतंय, दुसऱ्या बाजूला बैलगाडी थांबलीय, गाडीवान खाली उतरून बघतोय. दोन आठवडे खपलो. इंजिन तर असं उतरलं होतं, की मलाच कौतुक वाटलं. बोर्ड लागला.

महिन्यानं आम्ही तिघे पाहणीला गेलो. बघतो तर बोर्डाला झेंडूचा हार! इंजिनाच्या दिव्यावर कुंकू, खाली कापूर जाळल्याची काजळी. एक बैलगाडी आली. बोर्डापाशी थांबली, गाडीवान उतरला, हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटला, चढला आणि निघून गेला. मागून आणखी दोन आल्या, त्यांनीही तेच केलं.

नटेशन हादरले. रिपोर्टमध्ये हे कुठल्या सदराखाली घालायचं, म्हणाले. व्यंकोबराव मात्र शांतपणे पाहत होते.

"थांबतात?"

"थांबतात, सर."

"उतरतात?"

"उतरतात."

"दोहींकडे पाहतात?"

"डोळे मिटतात, सर."

व्यंकोबरावांनी बराच विचार केला. "अर्धें काम झालें," म्हणाले.

तेही टिकलं नाही. ऐप्पसीचा, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराचा पाऊस तिकडे झोडपून काढतो. पेंट ऑफिसनं पुरवलेला. पावसानंतर इंजिन धुऊन गेलं आणि बैल तेवढे शिल्लक राहिले. बैलांना कोण हात जोडणार? ते सगळ्यांच्या घरी होतेच. गाड्या पुन्हा न थांबता जायला लागल्या आणि नटेशननी पुन्हा मशीनला कागद लावला.

* * *

माझ्या कलेचा दुसरा पराक्रमही सांगायला हवा. मद्रासच्या उपनगरी गाड्यांत फूटबोर्डवर लटकणाऱ्यांसाठी पोस्टर करायचं होतं. मी एक तरुण काढला, दांड्याचा हात सुटलाय, खाली पडतोय. पोस्टर चार भाषांत छापून सगळ्या स्टेशनांवर लागलं आणि आठ दिवसांत भराभर गायब व्हायला लागलं. एक पोस्टर तर व्यंकोबरावांना एका सलूनच्या भिंतीवर सापडलं. न्हावी म्हणाला, "गिऱ्हाइकं या माणसासारखे केस कापून मागतात."

व्यंकोबराव ऑफिसात आले ते सरळ माझ्या टेबलाशी. "पडणारा मनुष्य इतका सुंदर कां?" मी पोस्टरकडे पाहिलं. "कुरूप काढा. त्याजसारखें व्हावें असें कोणांस वाटतां कामा नये."

आता कुरूप माणूस ठरवून काढणं सोपं नसतं. मी तीन दिवस खाडाखोड करत बसलो. शेवटी एक चेहरा बरा जमला. जरा चपटं नाक, कानांवर केस, वैतागलेले डोळे. व्यंकोबरावांनी एकदाच पाहिला, मग नटेशनकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे पाहिलं, आणि पास केला. का पाहिलं ते मला पोस्टर लागल्यावर कळलं. चार महिने समोरच्या टेबलावर जो चेहरा बघत होतो तोच हातातून उतरला होता. आई शप्पथ सांगतो, मुद्दाम नव्हतं केलं.

नटेशन आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कॉफी बंद. नवव्या दिवशी टाइप करता करता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "तेलुगू पोस्टरवरही मीच आहे का?"

मी म्हटलं, "चारही भाषांत."

पुन्हा दहा मिनिटं टकटक. मग म्हणाले, "एक तेलुगू कॉपी द्या. सासरे नेल्लूरला असतात."

* * *

दिवाळी आली की आमची दुसरी कामगिरी निघायची. डब्यात फटाके नेणाऱ्यांना पकडणं. पोलीस पेट्या उघडायला लावायचे, भांडणं व्हायची. व्यंकोबरावांची पद्धत वेगळी होती. डब्यात चढायचं, मधोमध बसायचं, कोटाच्या खिशातून काड्यापेटी काढायची आणि एक काडी हातात घेऊन स्वस्थ बसायचं. एवढंच. ज्यांच्याकडे फटाके असतील ते आपोआप घाम पुसायला लागत आणि पुढच्या स्टेशनवर बोचकी घेऊन उतरत. काड्या जळक्या होत्या, हे मला पुढे कळलं. खरी काडी व्यंकोबराव डब्यात आणणं शक्यच नव्हतं.

एकदा असेच बसलो होतो. दोन स्टेशनांत जवळजवळ सगळा डबा रिकामा झाला. एक म्हातारी तेवढी खिडकीशी हलली नाही. शेजारी टोपली, फडक्यानं झाकलेली. व्यंकोबरावांनी तिच्याकडे बघत काडी पेटीवर टेकवली.

"लाव की, तंबी," म्हातारी म्हणाली. "माझ्या टोपलीत मुरुक्कू आहेत." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, आणि मुरुक्कू म्हणजे आपली चकली. व्यंकोबरावांनी रीतसर फडकं काढून पाहिलं. चकल्याच होत्या. म्हातारीनं दोघांनाही एकेक दिली. व्यंकोबरावही ती खाऊ लागले, कारण ड्यूटीवर फुकट खाणं नियमात बसत नाही पण वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणणं त्यांच्यात बसत नव्हतं.

पुढच्या स्टेशनवर म्हातारी उतरायला उठली. व्यंकोबराव ज्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढी उतरवून दे, तंबी. नातवंडं बाहेर उभी आहेत." व्यंकोबरावांनी ट्रंक स्वतः उचलली, फलाटावर नेली आणि ठेवणार तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तिथे नको, उन्हात. फटाके आहेत."

गाडी सुटली. सबंध रस्ता व्यंकोबराव खिडकीबाहेर पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट लिहिला. एक ट्रंक फटाके इन्स्पेक्टरने स्वहस्ते डब्याबाहेर काढले, असा. यातही एक अक्षर खोटं नव्हतं.

* * *

बघता बघता त्यांच्या रिटायरमेंटला दोन महिने उरले. बारावी का तेरावी फेरी झाली असेल, त्याच पत्राला एकदम वेगळं उत्तर आलं. नवीन आलेले साहेब स्वतः गेट नंबर सत्तावीस पाहायला येणार होते. व्यंकोबराव आदल्या दिवशीच मला घेऊन तिथे गेले. दुसऱ्या दिवशी रुळांपाशी आम्ही वाट बघत उभे.

धूळ उडवत जीप आली. आणि न थांबता, वेगसुद्धा कमी न करता, धाडधाड रूळ ओलांडून पलीकडे गेली. मग लक्षात आलं असावं, की आम्ही मागे राहिलो. वळली आणि तशीच धाडधाड परत आली.

साहेब उतरले. व्यंकोबरावांनी सलाम केला, वही काढली आणि जीपचा नंबर लिहून घेतला. दोनदा.

ऑफिसात आल्यावर त्यांनी नटेशनना नोटीस सांगितली. अमुक नंबरच्या वाहनानं क्रॉसिंगवर न थांबता दोन वेळा रूळ ओलांडले, वाहनात बसलेल्या अधिकाऱ्याचा खुलासा मागवावा. नटेशनचे हात मशीनवर थांबले. "सर, दोन महिने राहिलेत. कशाला? फाटक द्यायचं त्यांच्याच हातात आहे."

"त्या गाडीवानाचा रिपोर्ट मी लिहिला कीं नाहीं?" व्यंकोबराव म्हणाले. "मग हाही लिहितों. टाइप करा."

आता असा कागद थ्रू प्रॉपर चॅनल जावा लागतो. आणि साहेबांविरुद्धच्या तक्रारीचं प्रॉपर चॅनल म्हणजे साहेबच. तो त्यांच्या टेबलावर गेला आणि आम्ही तिघेही आठवडाभर नीट जेवलो नाही. माझी तर बदलीची तयारी मनातल्या मनात झाली होती.

कागद परत आला. खाली साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खुलासा: घाईत होतो.' त्याखाली त्याच अक्षरात, 'खुलासा असमाधानकारक. सक्त ताकीद देण्यात येत आहे.' दोन्हींखाली त्यांच्याच सह्या. आणि त्याखाली तिसरी ओळ, 'गेट नंबर सत्तावीस येथे वाहनांची तीन दिवस मोजणी करावी.'

व्यंकोबरावांनी तो कागद दोनदा वाचला. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. ऑफिसात टोपी काढलेले ते मला पहिल्यांदाच दिसले.

* * *

मोजणीचे नियम साधे होते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. रूळ ओलांडणाऱ्या प्रत्येक वाहनाला एक रेघ. जायला एक, यायला एक. पायी माणूस, मोकळी गुरं धरायची नाहीत. तीन दिवसांचा आकडा साहेबांनी ठरवून दिला होता. त्यात एक जरी रेघ कमी पडली तरी फाइल बंद. मोजायला मी, साक्षीदार म्हणून नटेशन. व्यंकोबराव महिनाअखेरीस रिटायर होणार होते आणि मोजणीचा तिसरा दिवस महिन्याच्या अखेरीला जेमतेम चार दिवस राहिले असताना आला.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी घात झाला. कुठल्याशा गावी देवीचा उत्सव होता, आणि निम्म्या गाड्या पहाटे आमची मोजणी सुरू व्हायच्या आत निघून गेल्या होत्या. त्या रात्रीशिवाय परतणार नव्हत्या. संध्याकाळी पाचला मी बेरीज केली. आठ रेघा कमी.

गावचे मुखिया धावत आले. "अय्या, दोन गाड्या आहेत गावात. फिरवतो इकडून तिकडे. आठ काय, ऐंशी करून देतो."

"खोटी गाडी लिहावयाची नाहीं," व्यंकोबराव म्हणाले.

ते रुळांपाशी येरझारा घालत होते. मग माझ्यासमोर थांबले. "पुणेकर, गाडी कोणत्या कामास निघाली, हें फॉर्मांत विचारलें आहे काय?"

मी फॉर्म पाहिला. "नाही."

"परंतु काम असलें पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले. झाडाखाली एक बैलगाडी सोडलेली होती. गाडीवानाला म्हणाले, "बैल तान्हेले आहेत. विहिरीवर नेऊं, चला." आणि स्वतः चढले. रुळांपाशी गाडी थांबवली, उतरून दोन्हीकडे पाहिलं, चढले, पलीकडे गेले. मी एक रेघ ओढली.

पाच मिनिटांत परत आले. "छत्री येथेंच राहिली." दुसरी रेघ.

मुखियाच्या घरून तीन दिवस कॉफीचं बोलावणं होतं. ते मोडणं बरं नव्हे, म्हणून तिसरी. आपण एकट्यानं कॉफी घ्यावी आणि पुणेकरांनी उपाशी बसावं हे बरं नव्हे, म्हणून माझ्यासाठी पेला घेऊन आले, ती चौथी. पेला परत करायला गेले, ती पाचवी. परत आले, ती सहावी. माझ्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, "वेळ काय झाली?"

"पाच चाळीस."

"सरि." त्यांच्या कोटाच्या खिशातून स्वतःच्या घड्याळाची साखळी लोंबत होती. मी फॉर्मात डोकं घातलं. नटेशननीही दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात पॅसेंजर आली. आम्ही सगळे मागे सरलो. खिडक्याखिडक्यांतून माणसं, बायका, बाहेर काढलेले हात. धडधडत गेली. दोन रेघा कमी होत्या आणि व्यंकोबरावांची कामं संपली होती. गाव गोळा झालं होतं. कुणी म्हणालं, माझी म्हैस बघायला या. कुणी म्हणालं, मुलीची पत्रिका बघा. व्यंकोबराव मान हलवत होते. "हें काम नव्हे." मग एका दगडावर बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. चांगल्या माणसाला असं बसलेलं बघवत नाही.

पावणेसहा उलटून गेले. व्यंकोबराव उठले, कोणाशीही न बोलता गाडीत चढले. गाडीवानानं विचारलं, कुठे?

"वळ्ळियम्माच्या घरीं."

इतक्या वर्षांत व्यंकोबराव या क्रॉसिंगवर वीसेक वेळा तरी आले असतील, पण विहिरीच्या पुढे कधी गेले नव्हते. मी सातवी रेघ ओढली.

घर इथून दिसत होतं. ती बाहेर आली. व्यंकोबरावांनी टोपी काढून हातात घेतली. काय बोलले ते ऐकू येणं शक्य नव्हतं आणि मी पुढेही कधी विचारलं नाही. ते बराच वेळ बोलत होते. ती दाराला हात लावून उभी होती. सहाला सहा मिनिटं. सहाला पाच. मुखियांनी हाक मारायला तोंड उघडलं, तर नटेशननी त्यांचा हात घट्ट धरला.

मग ती पदर खोचून गाडीत चढली. नवरा गेल्यापासून ती या वाटेनं आली नव्हती. बाजाराला जायचं तर तळ्याला वळसा घालून जायची, असं मागून कुणीतरी हळूच म्हणालं. व्यंकोबराव गाडीत बसले नाहीत. पुढे चालत आले. रुळांपाशी हात वर करून गाडी थांबवली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग गाडीला 'ये' अशी खूण केली.

बैलगाडी रूळ ओलांडून अलीकडे आली. मी आठवी रेघ ओढली, आकडा भरला. सहाला दोन मिनिटं होती.

वळ्ळियम्मा उतरली आणि थेट माझ्याकडे आली. तमिळमध्ये म्हणाली, "लिहिलं?" मला तेवढं कळत होतं. मी फॉर्म तिच्याकडे फिरवला. तीन दिवसांच्या रेघा, ओळीनं. तिनं शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही माझी?"

"तुमची," मी म्हटलं.